भीमबेटकाच्या चित्रांवर पाणी मारू नका

बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत डिसेंबरच्या भोपाळ सहलीचं ठरत होतं, तेवढ्यात ग्रुपवर एका काकांनी भीमबेटकाचा, म्हणजे भोपाळजवळच्या प्राचीन शैलचित्रांच्या जागेचा, तो मेसेज टाकला. तुमच्याकडेही आला असेल. दुर्गम जंगलातल्या अंधाऱ्या गुहेत पांडवांनी वनवासात काढलेली एक लाख वर्षांची चित्रं, छतावर 55 कोटी वर्षांचा जीवाश्म, आणि शेवटी 'खास टिप': चित्र पुसट वाटलं तर बाटलीतलं पाणी शिंपडा, रंग खुलतात.

सुरुवात या टिपेपासूनच करतो, कारण बाकीच्या थापांनी चित्रांचं काही बिघडत नाही.

रंग खुलतो हे खरं आहे. ओला दगड गडद होतो, त्यावरचा गेरू उठून दिसतो. पूर्वी फोटोसाठी जाणत्या माणसांनीही हे केलंय. पण वालुकाश्म पाणी पितो. आतले क्षार विरघळतात आणि दगड वाळताना पृष्ठभागावर येऊन बसतात. चित्रावर पांढुरकी साय धरते, खालून रंग सुटतो. पावसाळ्यात भिंतीला लोणा लागला की ऑइलपेंटचे पोपडे कसे निघतात, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको! आणि ही चित्रं टिकली तीच मुळी पुढे आलेल्या खडकाने पाऊस अडवला म्हणून. हजारो वर्षं जे पाणी तिथे पोचलं नाही, ते आपण बिसलेरीतून नेऊन मारायचं? फोटोच हवा असेल तर कोरड्या दगडाचा काढा आणि घरी येऊन डी-स्ट्रेच वापरा. डोळ्यांना न दिसणाऱ्या रंगछटा वेगळ्या काढून दाखवणारी ही प्रणाली शैलचित्रांच्या अभ्यासकांसाठीच बनली आहे.

आता एक लाख वर्षं. हा आकडा हवेतून आलेला नाही, चुकीच्या जागी चिकटवलाय. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्रांनी 1970च्या दशकात तिथे उत्खनन केलं, तेव्हा खालच्या थरांत अश्मयुगाच्या फार जुन्या टप्प्यातली दगडी हत्यारं मिळाली. माणूस तिथे लाखाहून अधिक वर्षांपूर्वी वावरला असेल, पण हत्यारांचं वय चित्रांना लावता येत नाही. चित्रं साधारणपणे मध्याश्मयुगापासून, म्हणजे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपासून, पुढची मानतात, आणि ती काढणं नंतरही थांबलं नाही. ढाल-तलवारवाले घोडेस्वार आहेत, ते तर ऐतिहासिक काळातले. 'झू रॉक' नावाच्या खडकासमोर जरा वेळ उभे राहा. एका जनावराच्या अंगावर दुसरं, त्यावर तिसरं. जुनं न पुसता लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच दगडावर काढत राहिले. मला लाखाच्या आकड्यापेक्षा हे जास्त थक्क करतं.

पांडवांबद्दल फार बोलत नाही. भीमाची बैठक म्हणून भीमबेटका, ही लोकांची आवडती कथा आहे, असू दे. नाशिकची बौद्ध लेणीही आपण पांडवलेणीच म्हणतो.

जीवाश्माची गोष्ट मात्र मजेशीर आहे. फेब्रुवारी 2021मध्ये ही बातमी खरोखरच छापून आली होती. परदेशी अभ्यासकांना छतावर डिकिन्सोनिया या अतिप्राचीन जीवाचा ठसा दिसल्यासारखा वाटला. 2023मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं, की ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष आहेत. 55 कोटी वर्षं टिकलेला म्हणे, तो ठसा दोन-तीन वर्षांत झडू लागला होता! मूळ अभ्यासकांनी चूक मान्य केली. आपला मेसेज अजून 2021मध्येच आहे. तिथल्या खडकांवर आग्या मोहोळं असतात, तेव्हा जीवाश्म शोधायला वर बघाल तर जरा जपून.

राहिली दुर्गम, अंधारी गुहा. कान्हेरी डोळ्यांपुढे आणू नका. इथे कोणी काही कोरलेलं नाही. ही निसर्गाने घडवलेली उघडी शैलगृहं आहेत, बहुतेक ठिकाणी छान उजेड असतो. सातशेवर आहेत, पण पर्यटकांना त्यातली मोजकीच पाहता येतात, बांधलेल्या वाटेने. भोपाळहून 45 किलोमीटर, गाडी जवळपर्यंत जाते. 1957मध्ये पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांना हे खडक दिसले तेही रेल्वेच्या खिडकीतून. आम्ही पंजाब मेलने जाणार आहोत. इटारसी सकाळी येतं, तिथून भोपाळपर्यंत खिडकीची जागा मी आधीच मागून ठेवली आहे.