डांगी गाय ओळखायची तर कागदावर कशाला?

गोवंश प्रश्नमंजूषेत बक्षीस मिळवलेल्या मुलांवरचा तुमचा लेख वाचला. मुलांचं मनापासून कौतुक. पण ‘अशा स्पर्धांमुळे मुलं जनावरांशी जोडली जातात’ हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. आमच्या पुतणीनं अशीच एक परीक्षा दिली. गीर गाय कुठली, साहिवाल कुठली, होल्स्टीन किती दूध देते, सगळं तोंडपाठ. आणि इगतपुरी-त्र्यंबक-पेठच्या पावसात तगणाऱ्या डांगी या गाय-बैलांच्या जातीवर एकही प्रश्न नाही! नाशिकच्या मुलांना नाशिकचीच जात विचारायची नाही, म्हणजे कमालच झाली.

घोटीच्या जनावरांच्या बाजारात पुतणीला घेऊन गेलो तेव्हा खरी परीक्षा झाली. एका म्हाताऱ्या बाबांनी गोऱ्ह्याचा खालचा ओठ खाली ओढून दात दाखवले, म्हणाले, ‘सांग पोरी, आदत का दुसा?’ म्हणजे अजून दुधाचेच दात, की दोन पक्के दात आलेत? पोरगी गप्प. मग त्यांनीच तिचा हात धरून डांगीच्या पाठीवरून फिरवला. कातडी तेलकट लागते, त्यामुळे पाणी अंगात मुरत नाही, खूर काळे नि टणक, म्हणून भाताच्या चिखलात बैल टिकतो. हे तिला पाच मिनिटांत कळलं आणि अजून आठवतंय. होल्स्टीनचे लिटर कधीच विसरली. आयोजकांनी निम्मे गुण तरी जनावर समोर उभं करून द्यावेत. वय सांगा, जात सांगा, कासेचा दोष दाखवा. आणि ट्रॉफी कशाला? (आमच्याकडं कपाटावर धूळ खात पडल्यात.) पहिल्या नंबराला डांगी कालवड द्या. ज्याच्या घरी गोठा नाही त्याला रोख द्या, हरकत नाही.