थंडीत बोन्सायचं पाणी तोडू नका

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की नाशिकच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: पानझडी बोन्साय लगेच घरात घ्या, पाणी बंद करा, पानं गळाली तर खताचा डोस द्या. तिन्ही सल्ले मनापासून दिलेले, आणि इथल्या झाडांच्या मुळावर उठणारे.

आधी घरात घेण्याचं. हा सल्ला बर्फाच्या मुलखातला. तिकडे बोन्सायच्या उथळ ट्रेमधली माती गोठते, आणि फांद्या सोसतात तेवढी थंडी मुळं सोसत नाहीत. म्हणून झाडं आडोशाला नेतात, तीही उबेच्या खोलीत नव्हे, गार शेडमध्ये. आपल्याकडे पहाटे हुडहुडी भरली तरी दुपारी पुन्हा स्वेटर काढावा लागतो. पानं टाकलेलं अंजीर हॉलमध्ये ठेवलंत तर ते उबेने अवेळी फुटेल आणि उजेडाअभावी शेंडे लांबुडके, फिकट होतील. फारच गारठा असेल त्या रात्री कठड्यावरून भिंतीलगत सरकवा, झालं.

मुळात थंडी पडली की पानझडी झाड झोपतंच, हे गृहीतच इथे लंगडं आहे. द्राक्षवेल पानझडीच ना? युरोपात जानेवारीत तिची नुसती खोडं दिसतात. पिंपळगावला त्याच महिन्यात पानंही असतात आणि घडही. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावावी लागते, कारण ते काम करणारी थंडी आपल्या वाट्याला येत नाही. पळस-पांगारा पानं टाकतात ते बर्फाच्या भीतीने नाही, जमिनीतली ओल हटते म्हणून.

सगळ्यात घातक सल्ला पाण्याचा. त्याला दाखला डाळिंबाचा: बहार धरताना बागेला ताण देतात, म्हणजे काही काळ पाणी तोडतात, तसा द्या म्हणे. अहो, सटाण्याच्या बागेत मुळांना पसरायला जमीन आहे. तुमच्या ट्रेमध्ये माती दोन इंच! निष्पर्ण झाड पाणी कमी पितं हे खरं, पण कोरड्या वाऱ्यात बारीक मुळं एकदा वाळली की पुढचा फुटवा कशाच्या जोरावर येणार? अगरबत्तीची जुनी काडी मातीत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. ओलसर, काळपट निघाली तर थांबा. कोरडी निघाली तर सकाळी ऊन वर आल्यावर खालच्या भोकांतून निथळेपर्यंत पाणी घाला. फुगीर बुंध्याच्या अडेनियमपुरता मात्र मेसेज बरोबर: गारठ्यात ओल्या मातीत त्याचा कंद सडतो.

खताचं एका वाक्यात: पानंच नाहीत तर ते खाणार कोण, डोळे फुगेपर्यंत थांबा. झाड मेलंय अशी शंका असेल तर बारीक फांदीची साल नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं की ती फांदी जिवंत.

राहता राहिला ऑनलाइन मागवलेला जपानी मेपल. त्याला सात अंशांखालची थंडी आठवडेच्या आठवडे हवी. नाशिकला तशा रात्री मोजक्या, दिवस तर नाहीच. त्या पैशांत उंबर घ्या.