माझं मत चर्चच्या दानपेटीत नाही

निवडणूक लागली की नवापूरच्या बसस्टँडवर कुणीतरी खांद्यावर हात टाकतंच. "भाऊ, तुमचं काय, पास्टर सांगतील तिकडेच ना?" लोकसभेला तेच, विधानसभेला तेच, आता ग्रामपंचायतीलाही तेच!

अरे, आमच्या घरात चार मतं आहेत आणि ती चारही एका चिन्हावर कधीच पडलेली नाहीत. आबांचा पक्ष वेगळा, माझा वेगळा. ताई तर रस्ता कुणी केला एवढंच बघते. रविवारी मात्र आम्ही एकाच बाकावर बसतो.

त्याहून जास्त जीव जळतो तो आमच्याच माणसांवर. "खरा ख्रिस्ती असशील तर अमक्यालाच मत देशील." हे ठरवणारे तुम्ही कोण? येशूच्या बारा शिष्यांत जकात गोळा करणारा मत्तय होता आणि जिलोत, म्हणजे रोमन सत्तेचा कडवा विरोधक, म्हणवला जाणारा शिमोनही होता. दोघं एकाच पंगतीला बसले. मागे एकदा नाताळाच्या आठवड्यात उपासना चालू असताना उमेदवार आला, तर पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आजीला उठवून त्याला जागा दिली. देवाच्या घरात! मला ते अजून सहन होत नाही.

धर्माच्या नावावर मत मागणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात, कलम १२३ खाली, भ्रष्ट आचरण आहे. मग ते देवळापुढे मागा नाहीतर चर्चपुढे.

मला विचारायचंच असेल तर मिरचीचा भाव विचारा. आमची माणसं दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत का जातात, ते विचारा.