फायटर कमजोर नाही, आपण त्याला कमजोर करायलोत

आमच्या परभणीच्या ग्रुपात दर रविवारी दुपारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्टीतली पात्रं खेळायचा गेम) चालतं अन् एकच वाद कायम, विझार्ड म्हणजे जादूगारापुढं फायटर म्हणजे तलवारवाला काहीच नाही. मी डीएम, म्हणजे गेम चालवणारा, आहे अन् मला हे पटत नाही, म्हणून आज सविस्तर लिहायलो.

पाचव्या लेव्हलला विझार्डला फायरबॉल मिळतो, 8 डी6 (सहा बाजूंचे आठ फासे) म्हणजे सरासरी 28 डॅमेज, 20 फूट त्रिज्येत जेवढे सापडतील तेवढ्यांना. फायटरला त्याच लेव्हलला दुसरा वार मिळतो, दोन्ही बसले तर मोठ्या तलवारीनं 22च्या आसपास. आमच्याकडं 9 गॉब्लिन (छोटे राक्षस) दारातून शिरले, विझार्डवाल्यानं मूठभर फासे टाकले अन् सगळे साफ. फायटर खेळणारा मित्र, सकाळी कृषी सेवा केंद्र सांभाळून मानवतहून गाडीवर आलेला, त्यानं हातातला डी20 (वीस बाजूंचा फासा) तसाच खाली ठेवला अन् मोबाईल बघत बसला. मला लई लागलं ते.

मग हिशोब केला. त्या लेव्हलला विझार्डकडं तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट, म्हणजे फायरबॉलएवढा मंत्र टाकायच्या संधी, दोनच, आर्केन रिकव्हरी (वापरलेला स्लॉट परत मिळवायची सोय) धरून खेळातल्या दिवसाला तीन फायरबॉल. 2014च्या डीएमच्या पुस्तकात दिवसाला 6 ते 8 लढाया धरल्यात, अन् आपण काय करतो, एक लढाई झाली की लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती), सगळे स्लॉट परत! फायटरचा ॲक्शन सर्ज (एकाच पाळीत जास्तीची ॲक्शन), मंक म्हणजे हातानं लढणाऱ्याची की नावाची ताकद, वॉरलॉक या दुसऱ्या जादूवाल्याचे स्लॉट तासाभराच्या शॉर्ट रेस्टवर परत येतात, ती आपण घेतच नाही, मग हे तिघं मागं पडणारच ना.

म्हणून मागच्या महिन्यात खेळातला एकच दिवस तीन रविवार चालवला, सहा लढाया, मधी दोन शॉर्ट रेस्ट. पाचव्या लढाईत विझार्ड नुसत्या फायर बोल्टवर (स्लॉट न लागणारा छोटा मंत्र) आलेला अन् पुलावर फायटर एकटा उभा, ॲक्शन सर्ज घेऊन चार वार, चारीच्या चारी बसले. पत्रे हादरतील एवढ्या जोरात वरडला गडी.

पण लढाई सोडली तर फायटरच्या हातात फार काही नाही, हे मात्र खरंय. विझार्ड उडतो, गायब होतो, अन् हा नुसते स्किल चेक (काम जमतं का बघायला फासा टाकणं) मारत बसतो, रेस्ट कितीबी आवळा, हे सुटत नाही. 2024च्या नव्या पुस्तकात त्यावर चांगला उपाय आहे, चेक फेल गेला की सेकंड विंड (फायटरची स्वतःला सावरायची ताकद) वापरून त्यात डी10 मिळवायचा, अन् तरीबी फेल गेला तर सेकंड विंड वाया जात नाही. येत्या रविवारपासून तेवढा नियम आम्ही आमच्या जुन्या गेममधी घ्यायलोत.