श्रीखंडाचा डबा आणि उरलेले स्क्रू

१९९९ पासून माझ्याकडे एकच कॉम्प्युटर आहे. बायकोच्या मते पाच झाले. घरखर्चाची वही तिच्याकडे असल्यामुळे तिचाच आकडा अधिकृत धरला जातो.

पहिला 'असेंबल्ड' मी लॅमिंग्टन रोडवरून आणला. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं, पण त्या नावाने पत्ता विचारलात तर लोक तुम्हाला दवाखाना दाखवतील. पेंटियम थ्री, ६४ एमबी रॅम, ४.३ जीबी हार्डडिस्क. दुकानातला पोरगा म्हणाला, "भाऊ, ही डिस्क तुमच्याच्याने जन्मात भरायची नाही." आज नातेवाइकांची नुसती शुभ सकाळ तेवढी जागा खाते.

टॅक्सीचे पैसे वाचवायचे म्हणून १५ इंची मॉनिटर मांडीवर घेऊन ग्रँट रोडहून दादर, मग दादरचा पूल चढून डोंबिवली. मागे एवढं मोठं कुबड असलेली ती पेटी मी बाळासारखी छातीशी धरली होती. गर्दीत मला कोणी जागा दिली नाही, पण मॉनिटरला चौथी सीट मिळाली. "पोर्टेबल का?" एका काकांनी विचारलं. मी कॉम्प्युटर म्हटल्यावर ते हळहळले, "मग क्रिकेट दिसणार नाही."

खरं दुखणं २००६ साली सुरू झालं. मुलाला गेम खेळायचा होता, म्हणून फक्त एक ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं. फक्त! नवी कार्डं पीसीआय एक्सप्रेसची, माझ्या मदरबोर्डावर खाच जुन्या एजीपीची. म्हणून बोर्ड बदलला. नव्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये जुना प्रोसेसर बसेना, तोही घेतला. रॅम तरी वाचेल म्हणून मी ती खुपसून पाहिली. पण दर पिढीला हे लोक रॅमची खाच जरा सरकवतात, आपण कितीही दाबलं तरी ती जात नाही. शेवटी एसएमपीएस, म्हणजे आतली वीज पुरवणारी पेटी. बोर्डाला २४ पिना हव्या होत्या, माझ्याकडे २० होत्या. नाल सापडली म्हणून घोडा घेतात असं ऐकलं होतं. आमच्याकडे घोडा, टांगा आणि तबेलाही आला. पंधरा दिवसांत मुलाचा गेममधला रस संपला.

२०११ मध्ये मोठी हार्डडिस्क घ्यायची म्हणून दिवाळीपर्यंत थांबलो. तेवढ्यात थायलंडला पूर आला, डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि भाव कडाडले. पूर थायलंडात, दुष्काळ डोंबिवलीत. "अहो, पाणी ओसरेपर्यंत जुने फोटो पुसा," बायको म्हणाली. मी पुसले. त्यात तिच्या भाच्याची मुंज गेली. तो विषय अजून ओसरलेला नाही.

आणि आता विंडोज ११. त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप हवी आणि माझा प्रोसेसर त्याच्या पंक्तीत बसत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे पुन्हा बोर्ड, पुन्हा प्रोसेसर, पुन्हा रॅम. बायकोने वहीत नवं पान काढलं.

या वेळी सगळं स्वतः जोडायचं ठरवलं. जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरलं आणि स्क्रूंचा डबा काढला. डबा श्रीखंडाचा, झाकणावरची वेलची केव्हाच पुसली गेलेली. त्यात दोन जातींचे स्क्रू असतात: हार्डडिस्कचे जाड आट्यांचे, सीडी ड्राइव्हचे बारीक आट्यांचे. दिसायला सख्खे भाऊ. चुकीचा स्क्रू दोन फेरे आनंदाने फिरतो आणि तिसऱ्याला अडकून बसतो.

प्रोसेसर ठेवून सॉकेटची दांडी दाबताना पापड मोडल्यासारखा कर्र आवाज येतो. तो यायलाच हवा असतो, पण छातीत माझ्याही तसाच आवाज आला. मग थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता वरच्या कूलरकडे नेणारा लेप. ती म्हणे मटारच्या दाण्याएवढी लावायची. "सासवडचा मटार का फ्रोजन?" बायकोने सोफ्यावरून विचारलं.

रात्री साडेबाराला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच. रॅम काढून घातली, केबल बदलली, देव्हाऱ्याकडे बघितलं. तासभर गेला. शेवटी सकाळी दुकानात फोन लावला. नवाच पोरगा होता. सगळं ऐकून शांतपणे म्हणाला, "काका, प्रोसेसरच्या बाजूची आठ पिनची वायर लावली का?"

वायर समोर लोंबत होती. लावली. पडदा उजळला. या पंचवीस वर्षांत भाऊचा काका कधी झाला, एवढंच वहीत लिहिलेलं नव्हतं.

कॅबिनेटचं झाकण लावलं तेव्हा टेबलवर तीन स्क्रू उरले होते. दोन जाड आट्यांचे, एक बारीक. ते कुठले, हे विचारायला मी पुन्हा फोन उचलला. पण आता तो आजोबा म्हणेल अशी भीती वाटली, आणि स्क्रू गुपचूप डब्यात टाकले.