आधी तरंगायला शिकवा

उन्हाळा लागला की आपल्या सोलापूर जिल्ह्यात एक बातमी ठरलेली असते. शेततळ्यात पाय घसरून पोरगं गेलं, त्याला काढायला उतरलेली आईही गेली. गाव बदलतं, बातमी तीच. खाली सगळे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहितात आणि पुढच्या पोस्टकडे वळतात. मला यावर सविस्तर लिहायचंय, कारण यातले बरेच मृत्यू टळण्यासारखे आहेत असं माझं ठाम मत आहे.

शेततळं जवळून बघितलंय का कधी? २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि सांगोला-पंढरपूरच्या डाळिंब-द्राक्षाच्या पट्ट्यात गावोगाव तळी झाली. त्या पाण्याने बागा जगवल्या, त्याबद्दल दुमत नाही. पण आतला तो प्लॅस्टिकचा कागद! पाण्याच्या रेषेजवळ त्यावर हिरवट शेवाळ धरतं. मी एका तळ्यावर त्यावरून नुसता तळहात फिरवून पाहिला, साबण लावल्यासारखा सरकला. नख रुतायला जागा नाही, पाय टेकायला खाच नाही. विहिरीला निदान पायऱ्या असतात, कपारी असतात. इथे पोहता येणारा माणूससुद्धा काठाला येतो, चढतो, घसरतो, परत चढतो आणि शेवटी दमून खाली जातो.

पूर्वी आपल्याकडे पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकायची. काका नाहीतर मोठा भाऊ वरून ढकलायचा, आणि आठ-पंधरा दिवसांत डबा सुटायचा. मग बोअर आले, पाणी खोल गेलं, ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरी कोरड्या पडू लागल्या. शिकण्याची जागाच गेली. एक अख्खी पिढी पोहायला न शिकता मोठी झाली, आणि नेमक्या त्याच पिढीच्या दारात ही तळी आली. या दोन गोष्टी एकत्र ठेवून कोणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तरंगण्याचं शास्त्र खरं तर साधं आहे. आपलं शरीर जवळपास पाण्याइतकंच जड असतं. छाती भरून श्वास घेतला की बहुतेक माणसं पाण्यापेक्षा किंचित हलकी होतात, सोडला की किंचित जड. जगणं-मरणं त्या ‘किंचित’वर ठरतं. डोक्याचं वजन चार-पाच किलो. घाबरलेला माणूस हात वर करतो, तेव्हा हातांचा भार पाणी पेलत नाही, तो शरीरावर येतो आणि तोंड पाण्याखाली जातं. आणि बुडणारा माणूस ओरडतो, हा सिनेमाने घालून दिलेला समज आहे. ज्याला श्वासच मिळत नाही तो ओरडणार कशाने? बहुतेक जण गुपचूप जातात, काठावर माणसं बसलेली असताना.

मेल्यावर मात्र जवळपास प्रत्येक जण तरंगतो. फुप्फुसात पाणी शिरलेलं शरीर आधी तळाला जातं. मग पोटातले जिवाणू कामाला लागतात, वायू साठतो, शरीर फुगतं आणि वर येतं. उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात दोन-तीन दिवसांत, फार थंड पाण्यात कित्येक आठवड्यांनी. मे २०२४ मध्ये उजनी धरणात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला आले, बाकीचे सहा जण गेले. ते सापडले तिसऱ्या दिवशी. त्या दोन रात्री धरणाच्या काठावर बसलेल्या घरच्यांचा विचार मनातून जात नाही.

पाण्याला हवा फक्त हवा म्हणून कळते. ती श्वासाची की कुजण्याची, हे त्याला कळत नाही. हे न समजल्याने न्यायातसुद्धा घोळ झालेत. नवजात बाळ मेलेलं सापडलं तर त्याची फुप्फुसं पाण्यात टाकून बघायची: तरंगली तर बाळ जिवंत जन्मलं, म्हणजे आईवर संशय. सतराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत योहानेस श्रायर या डॉक्टरांनी ही चाचणी एका खटल्यात वापरली. तेव्हा फुप्फुसं बुडाली आणि आरोपी मुलगी सुटली. पण मृत जन्मलेल्या बाळाचीही फुप्फुसं कुजल्यावर तरंगू शकतात, कोणी तोंडाने फुंकर घालून वाचवायचा प्रयत्न केला असेल तरी तरंगू शकतात. निव्वळ एवढ्यावर कुठल्याही बाईला गुन्हेगार ठरवू नये.

त्यापेक्षा पाण्यात सापडलेल्या मृतदेहातल्या डायॲटमची तपासणी मला विचार करायला लावते. डायॲटम म्हणजे पाण्यात तरंगणारी, काचेसारख्या कवचाची सूक्ष्म शेवाळं. माणूस जिवंतपणी बुडाला तर ती फुप्फुसातून रक्तात आणि धडधडणाऱ्या हृदयामार्फत हाडांच्या मज्जेपर्यंत पोचू शकतात. मारून पाण्यात टाकलं असेल तर रक्त फिरवायला हृदयच चालू नसतं. हीही चाचणी अचूक नाही, पण शेवटचा श्वास पाण्यात घेतला का, याचा माग ती काढते.

तरंगण्याची आणि गुदमरण्याची ही गोष्ट आपल्या तलावांचीही आहे. उजनीवर आणि सोलापूरच्या आपल्या कंबर तलावावर पसरणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. देठात स्पंजासारख्या हवेच्या पोकळ्या, म्हणून ती तरंगते. सांडपाण्यावर पोसते, पाण्यावर झाकण घालते, खाली ऊन पोचू देत नाही, आणि कुजताना उरलासुरला प्राणवायूही खाते. पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो. तेव्हा मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर समजावं, तलाव गुदमरतोय. पांढरी पोटं वर आल्यावर फोटो काढून काय उपयोग?

आता मागणी. शाळांच्या उन्हाळी शिबिरांत मुलांना वेग, स्ट्रोक, मेडल हे सगळं नंतर शिकवा. आधी पाठीवर पडून, छाती भरून, कान पाण्यात ठेवून निवांत तरंगायला शिकवा. बोटीत लाइफ जॅकेटशिवाय कोणालाही बसू देऊ नका. आणि ज्यांचं शेततळं आहे त्यांनी आजच चारी बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर आत सोडा, कुंपण घाला, काठावर ट्यूब नाहीतर गोड्या तेलाचे रिकामे, घट्ट बंद कॅन दोरीला बांधून ठेवा. पाच लिटरचा रिकामा बंद कॅन पाण्यात जवळपास पाच किलो भार पेलतो, म्हणजे एका डोक्याचा. कोणी पडलं तर स्वतः उडी मारू नका, तो कॅन फेका, साडी फेका, दोर फेका.

बाहेर काढल्यावर पोट दाबत बसू नका, उलटं टांगू नका. त्यात मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी उलट फुप्फुसात जायची भीती असते. श्वास चालू नसेल तर उताणं झोपवा, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या, छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. तेवढ्यात दुसऱ्याने १०८ ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत हे थांबवू नका.