घट स्टॅटिनच्या जोडीने मिळाली, स्टॅटिन सोडून नव्हे

"कोलेस्टेरॉल निम्म्यावर आणणारी नवी गोळी आली आहे, आता स्टॅटिन बंद केले तरी चालेल, गोळी एकाच प्रथिनावर काम करते, म्हणून दुष्परिणाम नाहीत" असा संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. (स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी नेहमी दिली जाणारी औषधे.) पहिल्या विधानात तथ्य आहे, आणि त्याच्याच भरवशावर उरलेली दोन विधाने खपून जातात, याची मला अधिक काळजी वाटते.

निम्म्याचा आकडा ॲस्ट्राझेनेकाच्या एझेडडी ०७८० या प्रायोगिक औषधाचा आहे. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या टप्प्यातील चाचणीत, रोज ३० मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांचे एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १२ आठवड्यांत सुमारे ५१ टक्क्यांनी उतरले. मात्र हे सर्वजण आधीपासून स्टॅटिन घेत होते आणि चाचणीच्या काळातही घेत राहिले.

ही जोडी का जमते, हे यकृताच्या पेशीत पाहावे. पेशीवरचा रिसेप्टर रक्तातला एलडीएलचा कण धरून आत नेतो, तिथे सोडतो आणि पुढच्या कणासाठी पुन्हा पृष्ठभागावर येतो. पीसीएसके९ हे प्रथिन त्याला चिकटले, की तो परत न येता आतच नष्ट होतो. स्टॅटिनमुळे रिसेप्टर वाढतात, पण पीसीएसके९ देखील वाढते आणि मिळालेला लाभ काही अंशी हातचा जातो. नवे औषध पीसीएसके९ वर काम करून ही गळती रोखते. रिसेप्टर वाढवण्याचे काम स्टॅटिनचेच राहते.

दुष्परिणामांविषयीचे विधान सर्वांत बेजबाबदार आहे. टॉर्सेट्रॅपिब हे औषधही सीईटीपी या एकाच प्रथिनासाठी बनवलेले होते. सुमारे १५,००० रुग्णांच्या चाचणीत त्याने एलडीएल २५ टक्क्यांनी उतरवले, 'चांगले' एचडीएल ७२ टक्क्यांनी वाढवले. तरीही ते घेणाऱ्या गटात ९३ आणि ते न घेणाऱ्या गटात ५९ मृत्यू झाले, आणि डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. या औषधाने रक्तदाब आणि शरीरात मीठ धरून ठेवणारे अल्डोस्टेरॉन हे संप्रेरकही वाढत होते, आणि कोलेस्टेरॉलच्या अहवालात त्याचा मागमूस दिसणार नव्हता.

एझेडडी ०७८० चेही असेच होईल, असे मी म्हणत नाही. १२ आठवड्यांत एलडीएल मोजता येते, हृदयविकाराचे झटके टळले का हे ठरवता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. स्टॅटिनने ही परीक्षा १९९४ मध्येच दिली: ४,४४४ हृदयरुग्णांवर पाच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या चाचणीत औषधाविना असलेल्या गटात २५६ जण दगावले, सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत १८२.